रंगाऱ्याच्या धंद्याचा विमा



वसंतातल्या व्याख्यानांना संतवाङ्मय, इतिहास, नाटक असे रसाळ विषय शोभून दिसतात. मी मात्र विम्यासारखा रुक्ष विषय घेऊन उभा आहे; आणि विमा तरी कोणाचा, तर भिंती रंगवणाऱ्यांच्या धंद्याचा. माझे शाळेतले शिक्षण फार थोडे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून आणि वकिलांनी टाकून दिलेली जुनी पुस्तके वाचून झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. परंतु हा विषय मी मुद्दाम मागून घेतला आहे. कोणी म्हणेल, कामगार संघटनेच्या माणसाला धंद्याच्या विम्याशी काय कर्तव्य? तो तर मालकाने घ्यायचा! माझे म्हणणे असे की रंगाऱ्याच्या धंद्यात मालकाचा विमा हीच बहुतेक वेळा मजुराच्या बायकामुलांची भाकर असते. ते कसे, एवढेच आज सांगायचे आहे.

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आपल्या या गावावरून आलेला नाही. श्रीगोंद्याकडच्या, भीमेकाठच्या पेडगावचा तो आहे, असे सांगतात. तरी आपल्या गावाला रेल्वेचे स्टेशन आहे, म्हणून मला नेहमी वाटते की रंगारी परांचीवरून खाली आला की घरमालक, गुत्तेदार आणि इंजिनिअर अशा तिघांची तिकिटे एकदमच पेडगावची निघतात. घरमालक म्हणतो, ‘मी काम उक्ते दिले होते, माणसे माझी नव्हेत.’ इंजिनिअर म्हणतो, ‘मी नकाशापुरता.’ गुत्तेदार म्हणतो, ‘तो माझ्याकडे कामाला नव्हता हो, सहज मदतीला आला होता.’

आधी हा धंदा कसा वाढला ते पाहू. जुन्या मराठीत रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. घराच्या भिंतीला हात लागे तो घरच्या बायकांचा. आपल्या मराठवाड्यात माळवदाची घरे. त्यांना पांढऱ्या मातीचा पोतेरा, सणाला चुन्याचा हात, चौकटीला गेरू, की झाले काम. माणूस पडलाच तर माळवदावरून पडे आणि बहुधा पाय मोडून घरी बसे. पुढे सिमेंटची घरे आली, डिस्टेंपर आला, ऑइलपेंट आला, मागाहून पुट्टी आणि प्रायमर आले, आणि ज्याला आपण ‘पेंटर’ म्हणतो तो स्वतंत्र कारागीर उभा राहिला. आता तालुक्याच्या गावीसुद्धा तीन-चार मजली इमारती उभ्या आहेत. बांबूची परांची, काथ्याची दोरी, अॅल्युमिनियमची शिडी, आणि शिडीपासून हातभर अंतरावर विजेची तार. घर वाढले तशी उंची वाढली. कमरेला पट्टा मात्र अजून क्वचितच दिसतो.

या धंद्यातला मालक कोण, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. घरमालक काम उक्ते देतो. ज्याला देतो तो गुत्तेदार म्हणवतो. पण हा गुत्तेदार म्हणजे कालपरवापर्यंत स्वतः ब्रश मारणारा, चार घरांत नाव झालेला कारागीर. त्याची मालमत्ता म्हणजे दोन शिड्या, एक घोडी, थोडे बांबू-दोर, रिकामे डबे आणि दुकानदाराच्या उधारीची वही. दसरा-दिवाळी जवळ आली किंवा लग्नसराई लागली की नाक्यावरून चार माणसे घेतो, शेजाऱ्याच्या पोराला हाताखाली घेतो आणि कामाला लागतो. त्याला स्वतःला आपण मालक झालो असे वाटतही नाही. तो त्यांच्याबरोबरच बसून डबा खातो. परंतु ज्या सकाळी तो दुसऱ्याला रोजावर परांचीवर चढवतो, त्या सकाळपासून कायदा त्याला मालक मानतो, आणि तो पोरगा खाली आला तर बारा-पंधरा लाखांची जबाबदारी त्याच्या डोक्यावर ठेवतो.

ही जबाबदारी आली कोठून? तिचा इतिहास थोडा सांगतो, कारण त्यात आपल्या माणसांचा वाटा आहे. मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या पुष्कळांना माहीत आहेत. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, ती फारशी कोणी सांगत नाही. कामावर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. योगायोग असा की त्याच १८८४ साली जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. तिकडे कारखानदारांनी मिळून विम्याचा निधी भरायचा आणि त्यातून जखमी माणसाला द्यायचे, अशी व्यवस्था बसली. बिस्मार्कला कामगारांचे प्रेम होते अशातला भाग नाही. समाजवाद्यांचा जोर मोडावा हा त्याचा हेतू होता. असो. इंग्लंडात असा भरपाईचा कायदा १८९७ साली आला. आपल्याकडे लोखंड्यांची ती मागणी कायद्यात उतरायला १९२३ साल उजाडावे लागले.

१९२३ चा तो कामगार नुकसानभरपाईचा कायदा मी पुष्कळदा वाचला आहे. त्याच्यापूर्वी जखमी मजुराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि ती त्याने कशी करावी? या कायद्याने ती अट काढून टाकली. अपघात कामातून आणि कामाच्या दरम्यान झाला एवढे दिसले की भरपाई देणे आले. कायद्याच्या परिशिष्टात एका मजल्याहून उंच इमारत, किंवा जमिनीपासून छताच्या टोकापर्यंत बारा फूट वा अधिक उंचीची इमारत बांधणारे, दुरुस्त करणारे, तिची देखभाल करणारे मजूर होते. म्हणजे जुने बुटके माळवद सुटले आणि आजचे जवळपास प्रत्येक घर सापडले. मजुराने दारू घेतली होती, सांगितलेले ऐकले नाही, असा बचाव किरकोळ इजेच्या बाबतीत चालत असे. मृत्यू आला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर तो चालत नसे. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. घर नवे झाले तरी आतला संसार बहुतेक जुनाच आहे.

भरपाईचा हिशेब लोकांना ठाऊक नसतो, म्हणून एक उदाहरण मांडतो. तीस वर्षांचा रंगारी, महिन्याची मजुरी १२,००० रुपये धरू. तो कामावर मरण पावला तर मजुरीच्या निम्मे, म्हणजे ६,००० घ्यायचे आणि तीस वर्षे वयासाठी कायद्याच्या कोष्टकात दिलेल्या २०७.९८ या आकड्याने गुणायचे. होतात १२,४७,८८० रुपये. तो जिवंत राहिला पण कायमचा पूर्ण निकामी झाला, तर निम्म्याऐवजी शेकडा साठ धरायचे. होतात १४,९७,४५६ रुपये. वय वाढत जाते तसा कोष्टकातला आकडा उतरत जातो. चाळीस वर्षांना तो १८४.१७ आहे. ही रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत द्यायची. न दिली तर शेकडा बारा व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

आता ही रक्कम शिड्या-बांबूवाल्या गुत्तेदाराने आणायची कोठून? कारखान्याचा किंवा मोठ्या बिल्डरचा प्रश्न निराळा. धंद्याचा भाग म्हणून ज्याने काम पोटगुत्त्याने दुसऱ्याला दिले, त्या मूळ मालकालाही कायदा धरतो, आणि त्याच्याकडून पैसा वसूल होतो. परंतु साध्या घरमालकाचा रंगकाम हा काही धंदा नव्हे. त्यामुळे तो बहुधा सुटतो आणि सगळा भार शेवटी त्या लहान गुत्तेदारावर येतो.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्याबाहेरच्या एका शहरात असे प्रकरण माझ्या हाताखालून गेले. तिसऱ्या मजल्यावर सज्जाला रंग देताना बांबूची गाठ सुटली. माणूस गेला, मागे बायको आणि दोन मुली. आम्ही दावा लावला. तारखा पडत गेल्या. शेवटी निकाल आमच्या बाजूने झाला, आणि तोही व्याजासकट. अशा रकमेची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे करता येते. त्याप्रमाणे वसुलीचा माणूस गुत्तेदाराच्या घरी गेला. भाड्याची खोली, एक जुनी मोटारसायकल, आणि दारात भेदरून उभी असलेली त्याची म्हातारी आई. त्याने जप्त काय करावे? त्या बाईने निकालाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली आहे. तिला न्याय मिळाला. रुपये मिळाले ते फार थोडे, आणि तेही लोकांनी वर्गणी करून दिलेले. गुत्तेदाराचा संसार मोडला तो वेगळाच. दोन्ही घरे गरिबांचीच होती.

विम्याचे खरे काम येथे आहे. त्या गुत्तेदाराने त्या कामापुरती जरी पॉलिसी घेतली असती, तरी भरपाई विमा कंपनीला द्यावी लागली असती. एवढेच नव्हे, मालकाचे दिवाळे निघाले तर विमा कंपनीविरुद्धचा त्याचा हक्क मजुराकडे जावा अशी तरतूद १९२३ च्या कायद्यातच करून ठेवली होती. ज्यांनी ती लिहिली त्यांना लहान मालकाची ऐपत नेमकी कळली होती. मात्र त्यांनी एक गोष्ट केली नाही: भरपाई देणे सक्तीचे केले, विमा उतरवणे सक्तीचे केले नाही.

याची विसंगती पाहा. बांबू, डबे आणि माणसे घेऊन टेंपो कामावर निघतो. त्या टेंपोला थर्ड पार्टी विमा नसेल तर तो रस्त्यावर आणणे गुन्हा आहे. वाहनांची ही सक्ती स्वातंत्र्याच्याही आधीपासून चालत आली आहे. टेंपोखाली कोणी सापडला तर विमा कंपनी उभी राहते. तोच माणूस टेंपोतून उतरून चाळीस फूट उंच बांबूवर चढला की त्याच्यामागे कोणी नाही. इंग्लंडात १९६९ साली कायदा करून मालकांना नोकरांच्या इजेबद्दलचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडेही तो व्हावा ही मागणी संघटनेने धरलीच पाहिजे. पण कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे असे नाही.

आता विमा म्हणजे नेमके काय घ्यायचे? पहिला गैरसमज दूर करतो. आमचे लोक विमा म्हटला की एलआयसीच्या एजंटाकडे जातात. आयुर्विमा ही गोष्ट निराळी. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली, ती आयुर्विम्याची. १९५६ साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या काळात असे दोनशेहून अधिक आयुर्विमे एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झाले, हे सर्वांना माहीत आहे. धंद्याचा विमा हा त्या घरचा नव्हे. त्याला साधारण विमा म्हणतात. त्याच्या कंपन्या १ जानेवारी १९७३ पासून सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि चार कंपन्यांत एकत्र आल्या: न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल आणि नॅशनल. २००० सालानंतर खाजगी कंपन्याही आल्या. रंगाऱ्याने जायचे ते यांच्याकडे.

त्यांच्याकडे मागायची पहिली पॉलिसी कामगार भरपाईची. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला धंद्यात ‘डब्ल्यूसी’ म्हणतात. सरकारी कामाच्या निविदेत हीच मागतात. हिचा हप्ता माणसांच्या नावावर नव्हे, तर वर्षाकाठी वाटायच्या एकूण मजुरीवर आणि कामाच्या प्रकारावर आकारतात. नाक्यावरची माणसे बदलती असतात, म्हणून नावे न देता इतकी माणसे, इतकी मजुरी अशीही ती मिळते. मात्र हजेरीची आणि मजुरीची वही ठेवली पाहिजे. येथे एक मोह असतो. हप्ता कमी पडावा म्हणून गुत्तेदार आठ माणसांची चार लिहितो, बाहेरून मजले रंगवतो आणि कागदावर आतले काम दाखवतो. विम्याचा करार हा पूर्ण खरे सांगण्याच्या अटीवर उभा असतो. उंची लपवली, माणसे लपवली, तर अपघाताच्या दिवशी कंपनी तोच कागद पुढे करते, आणि तेव्हा तिचा राग करून उपयोग नसतो. तिच्याशी भांडायला मी कधीही तयार आहे. पण खोट्या कागदावर भांडता येत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हप्ता कंपनीच्या हाती आल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हा १९३८ च्या विमा कायद्याचाच नियम आहे. ‘एजंटला सांगितले आहे, दिवाळीनंतर पैसे देतो’ याला विमा म्हणत नाहीत. चेक वटला नाही तर पॉलिसीही वटत नाही. दुसरे, भरपाई उशिरा दिल्याबद्दलचा दंड विमा कंपनी सहसा भरत नाही. म्हणून अपघात झाला की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे. पोटगुत्तेदाराची माणसे आणि औषधपाण्याचा खर्च हे दोन्ही बहुधा जादा हप्ता भरून मागून घ्यावे लागतात. न मागितले तर मिळत नाहीत.

दुसरी पॉलिसी तिऱ्हाइताच्या नुकसानीची. टेंपोच्या थर्ड पार्टीसारखीच ही समजावी. वरून डबा सुटला आणि खाली उभ्या केलेल्या गाडीची काच फुटली, रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या डोक्याला शिडी लागली, शेजाऱ्याच्या वाळवणावर रंगाचा फवारा गेला, तर ही उपयोगी. पहिली ठरावीक रक्कम गुत्तेदाराने स्वतः सोसायची असते. पण हिच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. रंगाचे पोपडे सहा महिन्यांत सुटले, छटा घरमालकिणीला आवडली नाही, याचे पैसे कोणतीही विमा कंपनी देत नाही. आपले काम आपण नीट करावे हे तिचे म्हणणे योग्यच आहे. ज्या वस्तूवर प्रत्यक्ष काम चालले आहे किंवा जी आपल्या ताब्यात दिली आहे तिचे नुकसानही पुष्कळदा वगळलेले असते. रंगवायला घेतलेले सागवानी दार थिनरने खराब झाले, तर वाद होतो. पॉलिसीतला ‘काय मिळणार नाही’ हा भाग आधी वाचावा, ‘काय मिळेल’ तो मागाहून. इंग्रजी येत नसेल तर गावातल्या एखाद्या मास्तरांकडून वाचून घ्यावा.

हत्यारांच्या चोरीचा आणि गोदामाच्या आगीचा विमाही मिळतो. थिनर आणि ऑइलपेंट साठवणाऱ्याने आगीचा घ्यावा, साठा न लपवता. बाकीच्यांना तो तातडीचा नाही.

तिसरी गोष्ट गुत्तेदाराच्या स्वतःच्या अंगाची, आणि तीच तो विसरतो. कामगार भरपाईची पॉलिसी त्याच्या माणसांसाठी असते. तो स्वतःच वरून पडला तर ती त्याला काही देत नाही, कारण तो कोणाचा नोकर नाही. एकट्याने काम करणाऱ्या पेंटरचीही गत तीच. याला व्यक्तिगत अपघात विमा हवा. त्यात मृत्यूला पूर्ण रक्कम, एक हात, एक पाय वा एक डोळा गेला तर साधारणपणे निम्मी, आणि काही पॉलिसींत अंथरुणाला खिळलेल्या काळात दर आठवड्याला विम्याच्या रकमेच्या शेकडा एक इतके मिळते. रंगाऱ्याला हा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. पडणारा प्रत्येक माणूस मरत नाही. पुष्कळ जण चार महिने प्लॅस्टर घालून पडून असतात, आणि त्या चार महिन्यांत सावकाराची उचल होते, पोराची शाळा सुटते.

बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली. वर्षाला १२ रुपये होते, १ जून २०२२ पासून २० रुपये झाले. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यूस दोन लाख, एक डोळा वा एक हात-पाय गेल्यास एक लाख. वीस रुपयांत याहून जास्त कोणी देणार नाही, ती जरूर घ्यावी. फक्त दर वर्षी मे अखेर खात्यात वीस रुपये शिल्लक आहेत ना, हे पाहावे. मात्र ‘माझ्या सगळ्या माणसांचा बँकेचा विमा आहे’ असे म्हणून गुत्तेदाराला आपली जबाबदारी झटकता येत नाही. ते पैसे मजुराने स्वतःच्या हप्त्यातून मिळवलेले. कायद्याची भरपाई त्याहून निराळी.

तसेच बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक उपकर घेऊन कामगारांसाठी निधी उभारला. तो कायदाही आता त्याच संहितेत गेला आहे, मंडळ चालू आहे. रंगारी हा बांधकाम कामगारच धरतात. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असला की नोंदणी होते. नोंदलेला कामगार कामावर मेला तर कुटुंबाला पाच लाखांचे साहाय्य आहे. पण लोक नोंदणी करतात ती भांड्यांचा संच मिळतो म्हणून, आणि नूतनीकरण विसरतात. नोंद जिवंत नसेल तर पाच लाखही नाहीत. आमच्या युनियनचे निम्मे काम आजकाल या नूतनीकरणाच्या तारखा लोकांच्या कानांवर घालण्याचेच झाले आहे.

रंगाच्या विषाबद्दल दोन शब्द. शिसे घातलेल्या रंगाने पेंटरला पोटशूळ येतो, हात लुळे पडतात, हे युरोपात फार पूर्वी ध्यानात आले होते. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पांढऱ्या शिशाच्या रंगाविरुद्ध ठरावच केला. आपल्याकडे घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नसावे हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. परंतु जुन्या दारांवरचा जुना रंग अजून तेथेच आहे, आणि तो पॉलिशपेपरने कोरडा घासला की त्याची भुकटी छातीत जाते. शिशाची बाधा भरपाईच्या कायद्यातल्या धंदेवाईक रोगांच्या यादीत आहे. दावा मात्र विरळा होतो, कारण पेंटर दर महिन्याला नव्या गुत्तेदाराकडे असतो, आणि रोग कोणाच्या कामावर जडला हे सांगायचे कोणी?

आता घरमालकांकडे वळतो, कारण या सभेत रंगाऱ्यांपेक्षा त्यांची संख्या जास्त आहे. आपण रंगाचा भाव घासाघीस करून ठरवतो. फुटामागे रुपया कमी झाला की आपल्याला जिंकल्यासारखे वाटते. तो रुपया कोठून कमी होतो? रंगाच्या डब्याचा भाव ठरलेला, मजुरी ठरलेली. मग कमी होतो तो मजबूत बांबू, कमरेचा पट्टा आणि विम्याचा हप्ता. भाव ठरवतानाच ‘पॉलिसी दाखव, तिचा हप्ता भावात धर’ असे सांगितले तर गुत्तेदार नाही म्हणणार नाही. उलट विम्यावाल्या गुत्तेदाराला बिनविम्याच्या स्वस्त गुत्तेदारासमोर उभे राहता येईल. गावच्या देवळाचे शिखर, मशिदीचा मिनार, शाळेची इमारत आपण लोकवर्गणीतून रंगवतो. ही कामे सर्वांत उंच, आणि तेथे विचारणारा एक मालकही नसतो. वर्गणीच्या पावतीपुस्तकात रंग, रोगण, मजुरी, मांडव असे खर्च मांडलेले असतात. त्यांत विम्याची एक ओळ पंचांनी घालावी, एवढे माझे मागणे आहे.

शेवटी, अपघात झालाच तर काय करावे ते सांगून थांबतो. माणसाला आधी दवाखान्यात न्यावे हे सांगायला नको. पण दवाखान्यात जी पहिली नोंद होते ती नीट व्हावी. घाबरून लोक ‘घरी जिन्यावरून घसरला’ असे सांगतात, कोणी गुत्तेदाराच्या भिडेने सांगतो. आणि पुढे तीच ओळ दाव्याच्या आड येते. ‘अमुक गावी, अमुक इमारतीला रंग देताना परांचीवरून पडला’ असे लिहवून घ्यावे. मृत्यू असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती घ्याव्यात. दोर, बांबू, मोडलेली शिडी यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, कारण दुसऱ्या दिवशी तेथे काही उरत नाही. गुत्तेदाराने पन्नास हजार दिले आणि ‘आता काही मागणे नाही’ असे स्टँपपेपरवर लिहून अंगठा घेतला, तर तो कागद भरपाईच्या हक्काच्या आड येत नाही; आणि मृत्यूच्या भरपाईची रक्कम घरच्यांच्या हातात परस्पर न देता अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते, हे गुत्तेदारानेही ध्यानात घ्यावे. नाहीतर त्याला तीच रक्कम दुसऱ्यांदा भरावी लागते. विमा कंपनीने दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात समाधान झाले नाही तर पुण्यास विमा लोकपालाची कचेरी आहे. एकट्या मालकीच्या लहान धंद्याची तक्रारही तेथे घेतात, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो.